अडखळण्याच्या जागा

समजा, एका सहकारी बँकेच्या संकेतस्थळावर कर्जाचा ऑनलाइन अर्ज आहे. लोक तो उघडतात, पहिली दोन पानं भरतात आणि तिसऱ्या पानावर निम्मे जण निघून जातात. भेटींची आकडेवारी एवढं सांगते आणि थांबते. लोक का गेले? व्याजदर पटला नाही, कागदपत्रं हाताशी नव्हती, ओटीपी आला नाही, की ‘पुढे’ हे बटण मोबाइलच्या पडद्याखाली दडलं होतं? कारण कोणतंही असो, आकड्यात फक्त गळती दिसते. मग बैठक बसते, प्रत्येक जण आपापला तर्क मांडतो आणि हाती पुरावा नसल्यामुळे ज्याचा हुद्दा मोठा त्याचा तर्क ग्राह्य धरला जातो.

या बैठकीत पुरावा आणणारं तंत्र म्हणजे सेशन रेकॉर्डिंग. पान उघडल्यापासून बंद होईपर्यंत वापरकर्त्याने काय केलं, कुठे बोट टेकवलं, कुठपर्यंत खाली गेला, कोणता रकाना पुसून पुन्हा भरला, हे सगळं नोंदवून ठेवायचं आणि नंतर पडद्यावर जसंच्या तसं पाहायचं. माल्टामध्ये २०१४ साली सुरू झालेली हॉटजार, अमेरिकेतली फुलस्टोरी, २०२० साली सर्वांसाठी विनामूल्य खुली झालेली मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी ही या क्षेत्रातली ठळक नावं. तुम्ही रोज वापरता त्या संकेतस्थळांपैकी काहींवर यांतलं एखादं साधन चालू असण्याची बरीच शक्यता आहे.

हे तंत्र समजून घेताना दोन प्रश्न सोबत ठेवावे लागतात. माणूस अडखळला तर चूक कोणाची? आणि त्याचं अडखळणं पाहण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? दोन्ही प्रश्न इंटरनेटपेक्षा जुने आहेत.

वैमानिकाची चूक

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानांच्या बाबतीत एक विचित्र अपघात वारंवार होई. विमान धावपट्टीवर सुखरूप उतरे आणि मग त्याची चाकं आत घेतली जाऊन ते पोटावर बसे. उतरल्यानंतर पंखांचे फ्लॅप्स (मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आत घ्यायचे असत. वैमानिक त्याऐवजी चाकं आत घेई. चौकशीत कारण लिहिलं जाई, ‘वैमानिकाची चूक’. ऑल्फान्स चेपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये डोकावून पाहिलं, तेव्हा फ्लॅप्सचं आणि चाकांचं बटण शेजारीशेजारी आणि दिसायला सारखंच असल्याचं त्याच्या लक्षात आलं. दमूनभागून परतलेल्या माणसाचा हात चुकावा अशीच ती रचना होती. मग चाकांच्या बटणाला छोट्या चाकाचा आणि फ्लॅप्सच्या बटणाला फ्लॅपचा आकार देण्याची कल्पना पुढे आली. न बघता, केवळ स्पर्शाने फरक कळावा हा हेतू. प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ आजही चाकाच्या आकाराची असते.

युद्धानंतर, १९४७ साली, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या अमेरिकी संशोधकांनी वैमानिकांनी सांगितलेल्या अशा ४६० प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नोंदीत ‘चूक’ म्हणून लिहिलेल्या घटनांचा त्यांनी नमुना शोधला. एका दांड्याऐवजी दुसराच दांडा ओढला जाणं हा त्यांतला सर्वांत मोठा गट होता. वेगवेगळी माणसं एकाच जागी, एकाच तऱ्हेने चुकत असतील, तर दोष माणसांत शोधण्यात अर्थ नाही. तो त्या जागेत शोधायला हवा. वापरसुलभतेचं सगळं शास्त्र या एका जाणिवेवर उभं आहे आणि सेशन रेकॉर्डिंग पाहणाऱ्याने बसण्यापूर्वी ती मनाशी पक्की करायला हवी. नाहीतर पडद्यावरचा अडखळणारा माणूस पाहून ‘याला कळत नाही’ एवढंच वाटतं आणि पाहण्याचा सगळा खटाटोप वाया जातो.

काम करणाऱ्याच्या हालचाली नोंदवण्याची कल्पना तर याहूनही आधीची. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकी दांपत्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कामगारांच्या बोटांना विजेचे बारीक दिवे बांधले आणि कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवून छायाचित्रं घेतली. छायाचित्रात हात दिसेनासे होत, उरे ती प्रकाशाची रेषा. दिवा ठरावीक अंतराने चालूबंद केला की रेषेचे ठिपके होत आणि ठिपक्यांतल्या अंतरावरून हाताचा वेग कळे. वीट रचताना गवंडी सुमारे अठरा हालचाली करतो, त्या पाचांवर आणता येतात, असं फ्रँक यांनी दाखवून दिलं होतं. त्यासाठी गवंड्याला दर विटेला वाकायला लागू नये म्हणून उंची बदलणारी परांची त्यांनी बनवली. आज रेकॉर्डिंगच्या साधनात माउसच्या वाटेची रेषा उमटते, ती या प्रकाशरेषेची आठवण करून देते.

मात्र त्याच काळात दुसरीही एक घटना घडली. १९११ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी काम बंद पाडलं, कारण अभियंते फ्रेडरिक टेलर यांच्या पद्धतीप्रमाणे स्टॉपवॉच लावून त्यांच्या कामाचा वेळ मोजला जात होता. प्रकरण अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेलं आणि १९१५ साली सरकारी शस्त्रागारांत असं मोजमाप करण्यावर बंदी आली. निरीक्षणातून परांचीही मिळू शकते आणि जाचही होऊ शकतो. कशासाठी पाहतो आणि ज्याला पाहतो त्याला विचारलं का, यावर ते ठरतं.

चित्रफीत नसलेलं चित्रण

सेशन रेकॉर्डिंगमध्ये कॅमेरा चालू होतो असा अनेकांचा समज असतो. तसं काही होत नाही. पडद्याची चित्रफीतही घेतली जात नाही. बुद्धिबळाच्या डावाची नोंद जशी खेळी-खेळीने लिहिली जाते आणि ती वाचून दुसऱ्या पटावर कोणीही तो डाव पुन्हा मांडू शकतो, तशी ही नोंद असते.

ब्राउझर कोणतंही पान उघडतो तेव्हा त्यातल्या मथळ्यांची, परिच्छेदांची, चित्रांची, रकान्यांची एक रचना तयार करतो. तिला तंत्रज्ञ ‘डॉम’ म्हणतात. संकेतस्थळाच्या मालकाने पानात बसवलेली एक छोटी जावास्क्रिप्ट सुरुवातीला या रचनेची पूर्ण प्रत टिपते. त्यानंतर ती फक्त बदल नोंदवते: यादी उघडली, चूक दाखवणारा संदेश दिसला, बटण करडं झालं. सोबत माउसची जागा सेकंदाला अनेकदा, शिवाय प्रत्येक क्लिक, स्क्रोल आणि रकान्यात पडलेलं प्रत्येक अक्षर. प्रत्येक नोंदीवर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतची वेळ असते. या नोंदी थोड्या थोड्या करून सर्व्हरकडे जातात आणि पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये त्यांतून ते पान पुन्हा उभं राहतं. मोबाइलवर माउस नसतो. तिथे बोटाचा स्पर्श, सरकवणं, चिमटीने पान मोठं करणं आणि फोन आडवा करणं नोंदलं जातं.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात. पहिली, स्क्रिप्टला फक्त ती जिथे बसवली आहे तेच पान दिसतं. शेजारच्या टॅबमध्ये तुम्ही काय वाचता, हे तिला कळत नाही. पानात दुसऱ्या संस्थेची पैसे भरण्याची चौकट असेल, तर तिच्या आतलंही दिसत नाही. दुसरी, अर्ज पाठवण्याआधीच त्यातली अक्षरं नोंदली जाऊ शकतात. तुम्ही मोबाइल क्रमांक लिहिला, विचार बदलला, पुसून टाकला, तरी तो सर्व्हरवर पोहोचलेला असू शकतो. तिसरी गोष्ट या धोक्यावरचा उपाय सांगते: नोंद चित्राऐवजी मजकुराच्या रूपात असल्यामुळे नको तो मजकूर ब्राउझरमधून बाहेर पडण्यापूर्वीच झाकता येतो. याला मास्किंग म्हणतात. रकाना भरला गेला हे दिसतं. काय भरलं, ते ताऱ्यांखाली राहतं.

काय दिसतं

हजारो रेकॉर्डिंग पाहणं कोणाला शक्य नसतं आणि त्याची गरजही नसते. साधनंच काही खुणांवरून नेमकी रेकॉर्डिंग वेगळी काढून देतात. एकाच ठिकाणी भराभर केलेल्या क्लिकांना ‘रेज क्लिक’ म्हणतात. बटण दाबलं, काही झालं नाही, म्हणून पुन्हा पुन्हा दाबलं. क्लिक केल्यावर काहीच न घडणं म्हणजे ‘डेड क्लिक’. ठळक अक्षरांतला मथळा किंवा एखादं चित्र बटणासारखं दिसतं, पण ते बटण नसतं. पान उघडून लगेच मागे फिरणं, एकच रकाना तीनदा पुसणं, अक्षरं वाचण्यासाठी सारखं पान मोठं करणं, याही अडखळण्याच्याच खुणा.

मराठी वापरकर्त्यांच्या बाबतीत एक अडचण पाहण्यासारखी आहे. कोणी तरी मराठी कळफलकावरून अर्ज भरतं आणि वयाच्या रकान्यात देवनागरी अंकांत ‘४२’ लिहितं. पण जावास्क्रिप्टमध्ये अंक ओळखण्याचा जो प्रचलित संकेत आहे, त्याला फक्त रोमन लिपीबरोबर वापरले जाणारे शून्य ते नऊ हेच अंक कळतात. पान उत्तर देतं, ‘योग्य संख्या भरा’. वापरकर्ता पुन्हा तेच वय लिहितो, कारण त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तिसऱ्यांदा तोच संदेश आल्यावर तो पान बंद करतो. नावाच्या रकान्यात देवनागरी अक्षरांनाही हेच भोगावं लागतं, जेव्हा तपासणी केवळ इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेली असते. अर्ज बनवणाऱ्याने तो इंग्रजी कळफलकावरून तपासलेला असतो, त्यामुळे त्याच्या पडद्यावर सगळं ठीक चालतं. आकडेवारीत ही माणसं ‘अर्ज सोडून गेलेले’ म्हणून जमा होतात. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तोच लाल संदेश तीनदा उमटताना दिसतो. आणि हे दिसण्यासाठी त्या माणसाचं वय कळण्याची गरज नसते. रकाना झाकलेला असला तरी पुरतं. पुढची तपासणी कार्यालयात बसून, मराठी कळफलक लावून करता येते.

पाहण्यातून किती मोठा फरक पडू शकतो, याचं वापरसुलभतेचे अभ्यासक जॅरेड स्पूल यांनी २००९ साली सांगितलेलं उदाहरण या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात पैसे भरण्याआधी एक छोटा फॉर्म येत असे: ईमेल, पासवर्ड आणि ‘नोंदणी करा’ हे बटण. नेहमीच्या ग्राहकांची यामुळे सोय होते, असं दुकानाला वाटत होतं. स्पूल यांच्या गटाने ग्राहकांना प्रत्यक्ष खरेदी करायला सांगून शेजारी बसून पाहिलं. नवे ग्राहक नोंदणीच्या मागणीने चिडत होते. जुन्यांना आपण कोणता ईमेल दिला होता हेच आठवत नव्हतं. मग विदा तपासली, तेव्हा ४५ टक्के ग्राहकांची एकाहून अधिक खाती निघाली. ‘नोंदणी करा’च्या जागी ‘पुढे चला’ हे बटण आलं आणि खरेदीसाठी खातं उघडण्याची गरज नाही, असं तिथे लिहिलं. खरेदी पूर्ण करणारे ग्राहक ४५ टक्क्यांनी वाढले आणि पहिल्या वर्षात विक्री ३० कोटी डॉलरने वाढली. इथे सेशन रेकॉर्डिंगचं साधन नव्हतं, पण क्रम तोच होता: आधी मोजक्या माणसांना पाहिलं, मग दिसलं ते सगळ्यांच्या आकड्यांवर ताडून पाहिलं. एकट्या निरीक्षणावर किंवा एकट्या आकड्यावर हा निष्कर्ष उभा राहिला नसता.

काय दिसत नाही

रेकॉर्डिंग पाहणाऱ्याला आपण सगळं पाहिलं असं वाटू लागतं. या भ्रमावरचा सर्वांत चांगला उतारा झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात सापडतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मानववंशशास्त्राच्या अभ्यासक लुसी सचमन तिथे काम करत होत्या. कंपनीचं एक नवं फोटोकॉपी यंत्र फार अवघड आहे, अशी ग्राहकांची तक्रार होती. सचमन यांनी जोडीजोडीने माणसांना त्या यंत्रासमोर उभं करून त्यांची चित्रफीत घेतली. एका जोडीत ॲलन न्यूवेल होते, संगणकशास्त्रातलं सर्वोच्च मानलं जाणारं ट्युरिंग पारितोषिक मिळवलेले; सोबत रॉन कॅप्लन हे भाषाशास्त्रज्ञ. कागदाच्या दोन्ही बाजूंना प्रत काढताना या दोघांचीही दमछाक झाली. यंत्र अवघड वाटणं हा अडाणीपणा नसतो, हे कंपनीला पटायला याहून भक्कम पुरावा नको होता.

पण सचमन यांचं मोठं काम पुढचं आहे. त्यांनी चित्रफितीतल्या घटना रकान्यांत मांडल्या: माणसं आपसात काय बोलली आणि त्यांनी काय केलं, त्यातलं यंत्राला काय कळलं, यंत्राने त्यांना काय दाखवलं, आणि त्यामागे यंत्राचा काय हिशेब होता. माणसांची चर्चा, शंका, एकमेकांना सुचवलेले उपाय यांतलं यंत्रापर्यंत जवळजवळ काहीच पोहोचत नव्हतं. त्याला कळत होतं ते फक्त झाकण उघडणं आणि बटण दाबणं. १९८७ साली त्यांनी हा अभ्यास ग्रंथरूपाने मांडला.

सेशन रेकॉर्डिंग या बाबतीत त्या फोटोकॉपी यंत्राच्याच बाजूला उभं असतं. पडद्यावर दोन मिनिटं काही हालचाल नाही, एवढं त्याला दिसतं. त्या दोन मिनिटांत माणूस कपाटातून पासबुक काढत होता, मुलाला फोन करून विचारत होता, की चुलीवरचं दूध उतरवत होता, हे त्यात नाही. महाराष्ट्रात तर आणखी एक थर मध्ये असतो. अनेक जण सरकारी अर्ज स्वतः न भरता सेवा केंद्रावर जाऊन भरून घेतात. तिथल्या चालकाचा हात रोजच्या सरावाने भराभर चालतो. अशा भेटींचं रेकॉर्डिंग पाहिलं, तर अर्ज उत्तम आहे असंच वाटेल. ज्या बाईंना तो घरच्या फोनवर भरता आला नाही म्हणून त्या केंद्रावर आल्या, त्यांची अडचण कुठेच उमटणार नाही. म्हणून रेकॉर्डिंगमधून ‘कुठे’ हे शोधावं आणि ‘का’ यासाठी माणसांकडे जाऊन बोलावं.

विचारलं होतं का?

सचमन यांच्या चित्रफितीतल्या माणसांना आपलं चित्रण होत असल्याचं ठाऊक होतं. संकेतस्थळावर येणाऱ्याला बहुधा ते ठाऊक नसतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या स्टीव्हन एंगलहार्ट, गुनेश अजार आणि अरविंद नारायणन या संशोधकांनी या क्षेत्राला हलवून सोडणारा अभ्यास प्रसिद्ध केला. जगातल्या सर्वाधिक भेटी मिळणाऱ्या ५०,००० संकेतस्थळांपैकी किमान ४८२ ठिकाणी रेकॉर्डिंग होत असल्याचा पुरावा त्यांना मिळाला. मास्किंग अनेक ठिकाणी अपुरं होतं. वॉलग्रीन्स या अमेरिकी औषधविक्री साखळीच्या संकेतस्थळावरून रुग्णांचे आजार आणि औषधांची नावं रेकॉर्डिंग करणाऱ्या कंपनीकडे जात होती. अभ्यास बाहेर आल्यावर वॉलग्रीन्सने हे थांबवलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये काही आयफोन ॲप्स वापरकर्त्यांना न सांगता पडदा नोंदवत असल्याचं उघड झालं. एअर कॅनडाच्या ॲपमध्ये पासपोर्ट आणि क्रेडिट कार्डाचे तपशील नीट झाकलेच जात नव्हते. त्यावर ॲपलने विकासकांना बजावलं: स्पष्ट संमती घ्या, रेकॉर्डिंग चालू असल्याची खूण दाखवा, नाहीतर ती सोय काढून टाका.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे. रेकॉर्डिंगमधून माणूस ओळखता येत असेल, तर तो मजकूर वैयक्तिक माहितीत मोडतो. या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि समजून दिलेली असायला हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्या बावीस भाषांत मराठी आहे. मराठी माणसाला मराठीत विचारणं ही मेहेरबानी राहिलेली नाही, ते कायद्याने आखून दिलेलं कर्तव्य झालं आहे.

नीट पाहण्याची रीत

सुरुवात प्रश्नापासून करावी. ‘लोक काय करतात ते बघू’ म्हणून सगळं नोंदवत बसणं वेळखाऊ असतं आणि धोक्याचंही. ‘तिसऱ्या पानावर पत्त्याच्या रकान्यात लोक का थांबतात?’ हा प्रश्न ठरला, की फक्त तेच पान, मोजक्याच भेटींसाठी नोंदवता येतं. वापरसुलभतेचेच अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० साली ठासून सांगितलं होतं की पाच माणसांना नीट पाहिलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. त्या दुरुस्त करून पुन्हा पाच जणांना पाहणं हे एकदम खूप जणांना पाहण्यापेक्षा उपयोगाचं. तो सल्ला समोर बसून केलेल्या चाचण्यांसाठी होता, पण थोडं पाहून, दुरुस्त करून, पुन्हा पाहण्याचा त्यातला क्रम इथेही लागू पडतो.

संमती मिळण्याआधी स्क्रिप्ट चालू होऊ नये. प्रत्येक रकाना सुरुवातीलाच झाकलेला असावा आणि जो उघडायचा त्याचं कारण लिहून ठेवावं. आरोग्य, पैसे भरणं आणि मुलं यांच्याशी संबंधित पानांवर रेकॉर्डिंग करूच नये. पाहण्याची मुभा दुरुस्ती करणाऱ्या थोड्या लोकांनाच असावी आणि त्यांनी ते एकत्र बसून पाहावं. रचनाकार आणि प्रोग्रामर यांनी तीच अडचण एकाच वेळी पाहिली, की कोणाच्या मताला किती वजन द्यायचं हा वाद उरत नाही.

वापरकर्ता चुकत नसून रचना त्याला चुकवते, हा विश्वास आणि त्याला विचारूनच पाहायचं, हा नियम, या दोन्हींच्या मुळाशी त्याच्याबद्दलचा आदर आहे. एक पाळून दुसरा सोडता येत नाही. ज्याचा खासगीपणा आपण जपत नाही, त्याची अडचण आपण मनापासून सोडवू असा विश्वास त्याने का ठेवावा? म्हणून दुरुस्ती झाली, नव्या रचनेवर लोक अडखळत नाहीत याची खात्री पटली, की जुन्या रेकॉर्डिंगचं काम संपतं. त्या दिवशी ती पुसून टाकावीत आणि पुसल्याची नोंद ठेवावी.